१०२४.० केबीवाल्या बगचे दोन पीआर, कोणता मर्ज करायचा?

भिया, तू विचारलंस म्हणून रात्री दोन्ही पीआर, म्हणजे कोडमध्ये घ्यायला (मर्ज करायला) सुचवलेले बदल, नीट वाचले. राजवाड्याजवळच्या सायबर कॅफेवाल्या दादांची तक्रार एकदम खरी आहे, फाइल एक एमबीच्या आत असते, अपलोडही होते, पण स्क्रीनवर १०२४.० केबी दिसतं आणि फॉर्म भरायला आलेली पोरं घाबरून परत स्कॅन करायला लावतात. आपण साइज दाखवताना युनिट (केबी की एमबी, १०२४ केबी झाले की एमबी) आधी ठरवतो आणि एका दशांशावर राउंड नंतर करतो, त्यामुळे १०४८५२५ ते १०४८५७५ बाइट्स, अशा ५१ साइज तशा दिसतात.

पहिला पीआर एका ओळीचा, १०२४ च्या जागी १०२३.९५ टाकलंय. डेस्कटॉपवर चालतं, मी आकडे घालून बघितलं. पण मोबाइलच्या लिस्टमध्ये आपण दशांश दाखवतच नाही ना, तिथे १०२३.५ लाच राउंड होऊन १०२४ होतं, म्हणजे १०४८०६४ पासून १०४८५२४ बाइट्सपर्यंत परत तेच "१०२४ केबी". आणि सहा महिन्यांनी नवीन पोरगा आला तर त्याला हा आकडा कुठून आला ते कसं कळणार?

दुसरा पीआर आधी राउंड करतो, मग १०२४ झालं का बघतो आणि झालं असेल तर पुढच्या युनिटवर जातो. मला हाच पटला, दशांश कितीही ठेव, लॉजिक बदलत नाही. फक्त एक घोळ आहे, लूपमध्ये राउंड केलेलीच व्हॅल्यू पुढे भागलीय. ११००९६४ बाइट्स घे. केबीमध्ये १०७५.१६, राउंड होऊन १०७५.२, त्याला १०२४ नी भागलं की १.०५ आणि दिसतं १.१ एमबी, खरं तर ते १.०४९९६ आहे म्हणजे १.० दिसायला हवं. राउंड नुसतं तपासायला करायचं, भागाकार मूळ बाइट्सचाच. शेवटच्या युनिटला थांबतो का तेही बघितलं, थांबतो.

केबी १००० चा की १०२४ चा हा वाद यात आणू नका, विंडोज १०२४ नी मोजतं, मॅक १००० नी, तो वेगळा पीआर.

तर दुसरा घे, ती भागाकाराची ओळ बदलून घे, आणि टेस्टमध्ये १०४८५२४, १०४८५२५, ११००९६४ हे तिन्ही आल्याशिवाय मर्ज करू नकोस, मोबाइलसाठी १०४८०६४ पण. दादांना मी सकाळी जाऊन सांगतो.