गंजलेल्या आठशेचं अलाइनमेंट

माझी २००४ची मारुती ८००, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत खालून पार गंजलेली. स्टिअरिंग तिरकं धरलं तरच सरळ जायची, पुढचे टायर आतून खाल्लेले. आधीच्या दुकानात कॉम्प्युटरवर आकडे दाखवून अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याचे, पैसे घेतले. टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणारी दांडी, तिचा लॉकनट (ती जागेवर घट्ट धरणारा नट) जाम, म्हणून कुणी फिरवलाच नव्हता!

मग या दुसऱ्या गॅरेजवाल्या काकांनी आधी गाडी जॅकवर घेतली, चाक डावी-उजवीकडे हलवलं. "अहो, टाय रॉड एंडच ढिला आहे, अलाइनमेंट टिकणार कशी?" नटवर रात्रभर तेल सोडून ठेवलं, सकाळी गॅसवर तापवून सोडवला. दोन्ही एंड नवे, मगच टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते, जुळवला. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, या गाडीत फिरवता येत नाही, हेही सरळ सांगितलं. दीड दिवस गेला, बसायला साधी खुर्ची नाही. पण काल हातखंब्यापर्यंत नाकासमोर गेली.