इस्तंबूलची व्हेटब्यूस : भटक्या कुत्र्यांसाठी फिरता दवाखाना

महापालिकेची गाडी आहे, रस्त्यावरच्या कुत्र्या-मांजरांना फुकट तपासतात, रेबीजची लस पण देतात. इस्तंबूलच्या फातिह भागात एक सिरियन पोरगा, अलेप्पोचा, मिसरूड पण नीट फुटलं नाही अजून, कानात बिल्ला असलेली एक भटकी कुत्री घेऊन आलेला, सुई टोचली तर ती शांत आणि हाच कासावीस! तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाने माफ केलं अशी हदीस (पैगंबरांची सांगितलेली गोष्ट) आहे म्हणाला, मोडक्या इंग्लिशमधे (आणि आपल्याकडे ठाम समज की मुसलमानांना कुत्रं चालतच नाही). डॉक्टर लोक एकदम प्रेमळ. तुर्कीच्या 2024 च्या कायद्याने भटकी कुत्री उचलून शेल्टरमधे ठेवायचीयेत, पोराला त्याचीच धास्ती. गाडीला पाच स्टार, कायद्याला नाही. गाडी फिरती आहे, कुठे उभी असते ते आधी विचारून जा.