ब्रागा की व्रोत्सवाफ? स्वस्तातला युरोप शोधणाऱ्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणीकडून परदेशाची चौकशी करणारे फोन येतात, त्यात हल्ली दोनच देशांची नावं जास्त ऐकू येतात: पोर्तुगाल आणि पोलंड. जर्मनीला विद्यार्थी म्हणून जायचं तर ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून ठेवा म्हटलं, की घरात एखादा एकर विकायची भाषा सुरू होते. आयर्लंड-नेदरलँड्सची घरभाडी ऐकली की माणूस विषयच बदलतो. मग हे दोन उरतात. मी दोन्हीकडे राहिलोय. आधी उत्तर पोर्तुगालमधल्या ब्रागात, शिक्षण आणि त्यानंतर नोकरी. पुढे पोलंडमधल्या व्रोत्सवाफला आलो, तो अजून इथेच आहे. शेंगेन म्हणजे काय, अर्जाला कोणती कागदं लागतात, हे तुम्ही वाचलेलं असणार, त्यामुळे ते सोडून देतो. लिस्बन आणि वॉर्साही बाजूला ठेवू. राजधानीत राहायचं आणि स्वस्तातही राहायचं, हे दोन्ही जमत नाही.

आधी पैशाचं बघू. ‘पोर्तुगाल स्वस्त’ हे वाक्य आता शिळं झालंय. ते पसरवलं बहुतेक करून लंडन-पॅरिसचा पगार खिशात घेऊन तिथे राहायला आलेल्यांनी. तिथे जाऊन तिथलाच पगार घेणाऱ्याचा हिशेब निराळा असतो. २०२५ साली पोर्तुगालचा किमान पगार महिना ८७० युरो होता. तिथे वर्षाला चौदा पगार मिळतात, ते बारा महिन्यांवर पसरले तर हजाराच्या थोडं वर जातं. पोलंडचा त्याच वर्षीचा किमान पगार ४,६६६ झ्वोती, म्हणजे अकराशे युरोच्या आसपास. दोन्ही आकडे कापाकापीच्या आधीचे. तेव्हा गरीब पोलंड आणि सुखवस्तू पोर्तुगाल असं जे चित्र आपल्याकडे आहे, ते पगाराच्या चिठ्ठीवर तरी दिसत नाही. आयटीत तर माझ्या ओळखीतल्या लोकांना व्रोत्सवाफला ब्रागापेक्षा बरे पगार आहेत.

घरभाडं मला दोन्हीकडे उन्नीस-बीसच लागलं. ब्रागात एका बेडरूमच्या घराला सात-आठशे युरो जायचे, व्रोत्सवाफला सगळं धरून साधारण तेवढेच जातात. वूच किंवा लुब्लिनला गेलात तर आणखी कमी पडेल. किराण्यात फार फरक नाही, आणि त्यात एक गंमतही आहे. पोलंडमधली सगळ्यात मोठी किराणा साखळी बियेद्रोंका ही पोर्तुगीज कंपनीची, जेरोनिमो मार्टिन्सची. पोर्तुगालमधली पिंगो दोसे दुकानंही त्यांचीच. कोथिंबीर कुठेही घ्या, नफा लिस्बनलाच जाणार. कोथिंबिरीवरून आठवलं, पोर्तुगीज माणूस कोथिंबीर आपल्यासारखीच सढळ हाताने वापरतो, बाजारात ताज्या जुड्या मिळतात. पोलंडमध्ये तिच्या जागी शेपू असतो, सगळ्यात शेपू. ज्याला शेपूची भाजी आवडत नाही त्याने हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा.

आता आत शिरायचं कुठून? इथे पोर्तुगाल सरळसरळ पुढे आहे, ते कबूल करायला हवं. भारतातल्या किंवा आणखी कुठल्या कंपनीचं काम घरबसल्या करणाऱ्यांसाठी त्यांनी ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा व्हिसा ठेवलाय, त्याला डी-८ म्हणतात. मुख्य अट ही, की उत्पन्न तिथल्या किमान पगाराच्या चौपट हवं. २०२५ च्या हिशेबाने ३,४८० युरो. युरो शंभर रुपये धरला तर महिना साडेतीन लाख होतात. साडेतीन लाख कमावणाऱ्याने स्वस्तातला देश कशाला शोधावा, हे मला अजून कळलेलं नाही. दुसरा डी-७, तो पेन्शन, घरभाडं, व्याज असं बसून येणारं उत्पन्न असणाऱ्यांसाठी. त्याला किमान पगाराइतकी मिळकत पुरते, म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेल्या एखाद्या सरांची पेन्शन त्यात बसू शकते. औशाकडच्या एका मित्राने विचारलं होतं, बटईने दिलेल्या शेताचं उत्पन्न दाखवलं तर चालेल का? सोयाबीनचा भाव बघता अवघड आहे, म्हटलं.

पोलंडमध्ये असला व्हिसा नाही. तिथे कुणीतरी नोकरी देणारा लागतो, नाहीतर विद्यापीठाचा प्रवेश. विद्यार्थ्यांचे नियमही अलीकडे कडक केलेत. संभाजीनगरच्या एखाद्या एजंटाने ‘प्रवेश घ्या, बाकी तिकडे गेल्यावर बघू’ असं सांगितलं, तर त्याला ते बाकीचं कागदावर लिहून मागा.

निवासाच्या कार्डाची वाट बघणं दोन्हीकडे आहे. पोर्तुगालने २०२३ च्या ऑक्टोबरात परदेशी लोकांचं काम बघणारी जुनी यंत्रणा मोडून नवी उभी केली, आणि नव्या यंत्रणेच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी लाखो प्रलंबित प्रकरणं आली. पाच वर्षांत पासपोर्ट, हे पोर्तुगालचं मोठं आमिष होतं. तो काळ लांबवण्याचं राजकारण २०२५ मध्ये जोरात सुरू झालं, तेव्हा पासपोर्टच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. पोलंडमध्ये पाच वर्षांनी युरोपीय महासंघाचं दीर्घकालीन निवासाचं कार्ड मागता येतं, पण त्याला बी-१, म्हणजे मध्यम पातळीची पोलिश लागते. ही भाषा सात विभक्त्यांची आहे. आपल्याला शाळेत आठ पाठ होत्या म्हणून घाबरायचं कारण नाही असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगायचो. आता सांगत नाही.

माणसांबद्दल बोलायचं तर पोर्तुगीज जास्त मोकळे. दुकानदार, बसचालक, शेजारची आजी, सगळे बोलतात, तरुणांना इंग्रजी येतं, आणि समुद्र तासाभरावर असतो. पोलिश माणूस ओळख नसताना हसत नाही. ओळख झाली की मात्र जेवायला बोलावतो आणि उठू देत नाही. एखादा म्हातारा ‘महाराष्ट्र’ ऐकून कोल्हापूरचं नाव काढतो, कारण दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला होता. वॉर्सात त्याचं स्मारकही आहे. याने घरभाडं कमी होत नाही, पण ऐकायला बरं वाटतं. परक्यांविरुद्धचं राजकारण दोन्हीकडे तापलेलं आहे, कोणा एकाला त्यात झुकतं माप देता येत नाही.

इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल, मग पोर्तुगालच की. मीही तिथेच राहिलो असतो. मला तिथून उठवलं ते ओलीने.

युरोपातली थंडी म्हणजे पोलंड, असा आपला समज असतो, आणि पोर्तुगाल म्हणजे ऊन. जुलै-ऑगस्टमध्ये ते खरंही आहे. पण ऑक्टोबर सरला की उत्तर पोर्तुगालला अटलांटिकवरून पाऊस लागतो, आणि ब्रागा तिथल्या चांगल्या पावसाळी शहरांत मोडतं. जानेवारीत बाहेर दिवसा तेरा-चौदा अंश असतात. हा आकडा ऐकून परभणीचा माणूस हसेल. त्याने तीन-चार अंशांची पहाट बघितलेली असते. पण परभणीला दहा वाजता ऊन येतं, गच्चीवर बसलं की हाडं शेकतात, आणि हवा कोरडी असते. ब्रागात बाहेर तेरा, तर घरातही तेराच. घर म्हणजे फक्त छप्पर. जुन्या इमारतींत भिंतींना थंडी अडवणारा थर नाही, खिडकीला एकच काच, आणि मध्यवर्ती हीटिंग तर सोडूनच द्या. ही घरं उन्हाळ्याला तोंड द्यायला बांधलेली आहेत. विजेचा हीटर लावला की खोली तेवढ्यापुरती तापते, तो बंद केला की अर्ध्या तासात मूळपदावर, आणि महिनाअखेर बिल बघून माणूस पुन्हा गार. रात्री पांघरुणात शिरावं तर ओलं गोणपाट अंगावर घेतल्यासारखं वाटायचं.

ओल येते कुठून, तर बरीचशी आपणच करतो. अंघोळीची वाफ, चहाची वाफ, आणि आपल्या घरात तर कुकर. तीन शिट्ट्या झाल्या की ती सगळी वाफ गार भिंतीवर जाऊन पाणी होते. काचेवरून ओघळ खाली येतात, चौकटीत साचतात, आणि आठवड्याभरात कोपऱ्यात काळे ठिपके उठतात. क्लोरीनचं पाणी मारून पुसलं, की पंधरा दिवसांनी ठिपके हजर. कपाटाच्या मागे, गादीखाली, चामड्याच्या पट्ट्यावर, सगळीकडे बुरशी. कपडे वाळायला तीन-तीन दिवस, आणि वाळले तरी कुबट वास. शेजारच्या आजींचा उपाय एकच, रोज सकाळी सगळ्या खिडक्या उघडा. म्हणजे जी थोडी ऊब जमवली ती बाहेर सोडा.

शेवटी हवेतली ओल शोषणारं यंत्र आणलं. रोज त्याची टाकी भरायची आणि मी ती बेसिनमध्ये ओतायचो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाने घरातल्या हवेतून निघालेलं पाणी मोरीत ओतायचं, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. आईने पाठवलेलं येसर, काळं तिखट, ज्वारीचं पीठ, एकही गोष्ट हिवाळा पार करू शकली नाही. पिठाला गाठी धरायच्या, येसरवर पांढरी बुरशी. आई स्वतः डिसेंबरात आली होती. दोन स्वेटर, वर शाल, आणि पायात मोजे घालून स्वयंपाकघरात उभी. ‘ह्येला घर म्हनत्यात व्हय? बाहीर ऊन अन् आत हीव,’ म्हणाली आणि खुर्ची उचलून बाल्कनीत जाऊन बसली.

हे माझ्याच घराचं दुखणं असेल असं मला बरेच दिवस वाटत होतं. तसं ते नाही. युरोस्टॅट या युरोपीय महासंघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३ च्या आकड्यांत घर पुरेसं उबदार ठेवता येत नाही असं सांगणाऱ्यांचं प्रमाण पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये सगळ्यात जास्त होतं, जवळपास २१ टक्के. युरोपीय महासंघाची सरासरी याच्या निम्मी. पोलंड त्या सरासरीच्याही बरंच खाली.

व्रोत्सवाफला पहिल्या जानेवारीत बाहेर उणे दहा असताना मी घरात बनियनवर बसलो होतो. शहरातल्या मोठ्या केंद्रात पाणी तापतं आणि जमिनीखालच्या नळांनी इमारतीत येतं, प्रत्येक खोलीत खिडकीखाली रेडिएटर असतो. समाजवादी काळातल्या त्या ठोकळ्यासारख्या इमारतींना आता बाहेरून जाड थर चढवलेत. दिसायला त्या अगदीच सपक, फोटोत ब्रागाची निळ्या टाइल्सची घरं शंभर पटीने देखणी. पण धुतलेले कपडे रात्रीतून वाळतात, आणि ज्वारीचं पीठ महिनोन्‌महिने टिकतं. उलट हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. मराठवाड्याच्या माणसाला कोरडं झेपतं.

पोलंडच्या नावाने बोटं मोडायलाही भरपूर आहे. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दिवसाही तो असतोच असं नाही. पहिल्या वर्षी बायको नोव्हेंबरपासून गप्प गप्प असायची. नंतर आम्ही सुट्टी उन्हाळ्याऐवजी जानेवारीत घेऊन घरी यायला लागलो. जुन्या घरांतल्या कोळशाच्या शेगड्यांमुळे हिवाळ्यात धूर असतो. क्राकोने २०१९ पासून शहरात कोळसा-लाकूड जाळायला बंदी केली, सगळीकडे तसं नाही. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद, झाब्कासारखी कोपऱ्यावरची छोटी दुकानं तेवढी उघडी. आणि घराचा करार करताना मालक बऱ्याचदा एक खास प्रकार मागतात. त्यात नोटरीसमोर लिहून द्यावं लागतं, की मला घर सोडावं लागलं तर मी अमुक पत्त्यावर राहायला जाईन, आणि त्या दुसऱ्या घराच्या मालकाची संमतीही हवी. कालच विमानातून उतरलेल्या माणसाने हा दुसरा पत्ता आणायचा कुठून? मला ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या वडिलांनी सही दिली. तुम्ही निघण्याआधीच ही सोय बघून ठेवा.

तरीही, कुणी मला पुन्हा निवडायला सांगितलं तर मी व्रोत्सवाफलाच येईन. अंधार बाहेर असतो, तो दिवा लावून आणि वेळेवर रजा टाकून निभावता येतो. ओल घरात, अंथरुणात आणि डब्यात असते. अर्थात हे माझं. पेन्शनवर जाणार असाल, दक्षिणेकडे अल्गार्व्हला किंवा नव्या इमारतीत राहण्याइतके पैसे असतील, गुडघ्यांना बर्फ नको असेल, तर पोर्तुगालच बरा. वयस्कर आईवडिलांना कायमचं सोबत न्यायचं असेल तर मात्र आधी त्यांना तिथला जानेवारी महिना दाखवून आणा.

पोर्तुगालच ठरलं असेल तर घर हिवाळ्यात बघा. जाहिरातीत ऊर्जा प्रमाणपत्राची श्रेणी दिलेली असते, ती ई किंवा एफ, म्हणजे तळाची असेल तर फोटो कितीही छान असो, सोडून द्या. दक्षिणेकडे तोंड असलेलं घर घ्या, कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा, आणि नुकताच रंग मारलेला असेल तर का मारला ते विचारा. व्रोत्सवाफला येणार असाल तर जाहिरातीतलं भाडं बघून हुरळू नका. त्यात चिंश, म्हणजे इमारतीचा देखभाल खर्च, बऱ्याचदा धरलेला नसतो. हीटिंग त्या चिंशमध्ये येतं की वेगळं, हे सही करण्याआधी लेखी घ्या.