होमस्कूलिंग: एकट्यानं की को-ऑपमध्ये?

अमेरिकेत को-ऑपमध्ये (मुलांना शाळेऐवजी घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी मिळून वर्ग घेण्यासाठी केलेल्या गटात) नाव घातलं तरी कायद्याची जबाबदारी पालकांवरच राहते. पेनसिल्व्हेनिया राज्यात 180 दिवसांचा (किंवा प्राथमिकला 900 तासांचा) अभ्यास आणि पोर्टफोलिओ (मुलाच्या वर्षभराच्या कामाची फाइल) कुणालाच चुकत नाही.

एकट्यानं शिकवताना अपूर्णांक अडले तर आठवडाभर तिथंच थांबता येतं. गाडी अडते ती नववीनंतर: रसायनशास्त्राचे प्रयोग, निबंध तपासणं.

को-ऑप बहुधा आठवड्यातून एकदा, चर्चच्या हॉलमध्ये भरतं. फी कमी असली तरी आईबाबांपैकी एकाला वर्ग घ्यावा लागतो, नाहीतर तान्ही मुलं सांभाळावी लागतात. उरलेले दिवस गृहपाठ घरीच. काही को-ऑप सभासदांकडून श्रद्धापत्रकावर, म्हणजे धर्मश्रद्धेच्या कबुलीवर, सही घेतात; सही करण्याआधी ते नीट वाचा. ‘केवळ बायबल’ (धर्मात अंतिम प्रमाण फक्त बायबल) अशा कलमावर कॅथलिक कुटुंबं अडतात, कारण ती चर्चची परंपराही प्रमाण मानतात. घरात तान्हं बाळ असेल, तर पहिलं वर्ष एकट्यानंच काढलेलं बरं.