आठ महिने वापरल्यावर: आपोआप मेसेज पाठवणारी सेवा आणि झोपाळू लॅपटॉप

माझे घरगुती डबे आहेत. रोज संध्याकाळी नव्वदेक गिऱ्हाइकांना 'उद्या अमुक भाजी, डबा नको असेल तर नऊपर्यंत कळवा' असा व्हॉट्सॲप मेसेज जातो. आधी हे काम कणकेच्या हातांनी चालायचं. मग क्रोममध्ये बसणारं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, वर्गणी भरून घेतलं. वेळ लावायची, की व्हॉट्सॲप वेबमधून, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेल्या व्हॉट्सॲपमधून, तेच एकेक मेसेज सोडतं.

पहिल्या महिन्यातच फजिती झाली. संकष्टीच्या आदल्या दिवशी 'उद्या चतुर्थी, उपासाचा डबा हवा का?' हा मेसेज लावला आणि सवयीने लॅपटॉपचं झाकण मिटलं. सकाळी सातला उघडलं तर अडकलेले मेसेज धडाधड सुटले. 'काकू, चतुर्थी आज की उद्या?' दहा जणांचे फोन! आणि साबुदाणा भिजवलाय कोणी?

दोष सेवेचा नव्हता, माझ्या सेटिंगचा होता. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' आणि चार्जर लावलेला असताना स्लीप 'नेव्हर' केलं. तरी अधूनमधून मेसेज रखडायचेच. भाच्याने क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स उघडून दाखवलं. तिथला मेमरी सेव्हर न वापरलेले टॅब निजवतो. 'नेहमी चालू ठेवा'च्या यादीत व्हॉट्सॲप वेबचा पत्ता घातला. शिवाय मागे पडलेल्या टॅबचं घड्याळही क्रोम मुद्दाम मंद चालवतं, म्हणून व्हॉट्सॲपच्या टॅबला वेगळी खिडकी दिली. ती दुसऱ्या खिडकीखाली पूर्ण झाकू द्यायची नाही, कोपरा तरी दिसायला हवा. हे कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नाही हो!

ब्राउझर बंद करताना कुकीज पुसायची सेटिंग चालू असेल तर ती काढा, नाहीतर रोज क्यूआर स्कॅन करत बसाल. धंद्याचं सिम जुन्या फोनमध्ये असेल तर तो अधूनमधून उघडत जा. मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं लॉग आउट होतात. मी दिवाळीनंतर गावाला गेले तेव्हा फोन कपाटात राहिला होता, पुढचं सांगायला नको.

दोन मेसेजमध्ये वीस ते चाळीस सेकंदांचं अंतर ठेवते. नव्वद मेसेजना पाऊण तास लागतो, म्हणून सातलाच सुरू करते. अशी परस्पर ऑटोमेशनं व्हॉट्सॲपच्या नियमांत बसत नाहीत, नंबर बंद होऊ शकतो. त्यामुळे ज्यांनी स्वतः डबा लावलाय त्यांनाच पाठवते, जाहिरात एकही नाही. तुमची सगळी गिऱ्हाइकं तुमचा नंबर सेव्ह करत असतील तर 256 जणांची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज एकदम सगळ्यांना सुटा जातो, पण नंबर सेव्ह असेल त्यांनाच) फुकट आहे, तीच वापरा. माझी निम्मी करत नाहीत.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपते. भरणार आहे, पण महिन्याचीच. वर्षाचे पैसे एकदम अडकवायचा धीर होत नाही.