अपंगत्व पेन्शन 'करून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका

पस्तीस हजार सहाशे रुपये एका एजंटानं माझ्याकडून नेले. ५,१०० फाइल उघडायचे, १८,००० 'बोर्डातल्या डॉक्टरांचे', १२,५०० जबलपूरच्या, म्हणजे सैनिकांचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणातल्या, वकिलाचे. ना फाइल होती ना वकील.

फौजेतून निवृत्त होताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डानं माझ्या कमरेला, लंबर स्पॉन्डिलोसिसला (मणक्याची झीज), २० टक्के अपंगत्व दिलं आणि शेरा मारला की हे दुखणं नोकरीमुळे नाही, नोकरीत वाढलेलंही नाही. भरतीला ठणठणीत होतो, मग काय ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारात गोण्या उचलून कंबर गेली? अशा जळत्या माणसाला गाठायला हा एजंट आला. मराठी, आपल्यातलाच, सत्यनारायणाला जेवूनही गेला. आणि बोलायचा ते खोटं नव्हतं, हीच तर मेख! दुखणं नोकरीतलं ठरलं की २० चे ५० टक्के धरतात, हे खरं. भरतीला धडधाकट असलेल्याचं दुखणं नोकरीतलंच धरायचं, हा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धर्मवीर सिंह निकाल त्याला तोंडपाठ. कुणीही भुलला असता.

अपिलाची प्रत दाखवली तेव्हा मात्र माझे डोळे कुठे होते देव जाणे. नाव माझं, आर्मी नंबर माझा, आणि आजार? 'डावा गुडघा'. मी बोट ठेवलं. "काका, टायपिंगची चूक, जबलपूरला दुरुस्त होते." कुणा दुसऱ्याचा कागद, नाव बदललेला. आणि १२,५०० मी त्यानंतर दिले! रात्र रात्र कूस बदलता येत नसली की माणूस गुडघ्यालाही कंबर म्हणतो.

पहिलं अपील आपल्या फौजी रेकॉर्ड ऑफिसकडे जातं, त्याला फी नसते. स्पर्श या पेन्शनच्या सरकारी पोर्टलचा ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका.

ठाण्यात म्हणे, "आपने अपनी मर्जी से दिए हैं." अहो, फसवणुकीत माणूस मर्जीनंच देतो, नाहीतर तिला दरोडा म्हणाले असते! न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी सांगायचं का यांना? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर रोख दिलेल्यांचं काही होत नाही म्हणे. आम्हा माजी सैनिकांसाठी म्हणून जे ऑफिस उघडलंय तिथल्या बाबूनं तर मलाच झापलं, "एजंटाकडे गेलातच कशाला?" तुम्ही खिडकी उघडी ठेवली असती तर गेलो नसतो, साहेब.

पैशापेक्षा मुदतीचा राग जास्त. पेन्शन नाकारल्याचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत अपील करायचं असतं, ते त्यानं 'चालू आहे, चालू आहे' करत घालवले. आता उशीर माफ करा म्हणून मीच अर्ज लिहितोय.

त्याच्या हातची पावती ग्वाल्हेरच्या मुरार-लष्कर भागात आणखी कुणाकडे असेल तर फाडू नका, मला दाखवा. एकट्याची तक्रार लिहून घेत नाहीत.