जिप्सी किंग, चौदा महिने: दोन इंचांचे पैसे, एका इंचाची उंची

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती उगाळत बसत नाही. मारुतीची फोर-व्हील ड्राइव्ह जिप्सी, २००३ ची किंग, एमपीएफआय (म्हणजे फ्युएल इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन), हूडवाली, म्हणजे कापडी टपाची. गाडी २ लाख ४० हजारांना घेतली. काल वहीत बेरीज केली तर चौदा महिन्यांत वर ९७ हजार गेलेत. इंजिन, पत्रा, हूड, टायर यांवर गेलेल्या पैशांबद्दल तक्रार नाही. २२ वर्षांच्या गाडीला खायला लागतंच. पण त्या ९७ हजारांतले साडेअकरा हजार आठवले की अजून घास गोड लागत नाही. हे लिहिणं मुख्यतः त्या साडेअकरा हजारांबद्दल आहे. गाडीबद्दल जे चांगलं आहे ते मध्ये मध्ये येईल.

गाडी घेण्याचं कारण सासुरवाडीचं शेत. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्याला साळवण गाठायचं, तिथून आत वळायचं आणि शेवटचा दीड किलोमीटर तांबड्या मातीची चढण. जून ते सप्टेंबर तिथं ट्रॅक्टर किंवा पाय, तिसरं काही चालत नाही. माझी आधीची हॅचबॅक पावसाळाभर डांबरीवर एका ओळखीच्यांच्या दारात उभी असायची आणि आम्ही पिशव्या डोक्यावर घेऊन वर. जिप्सी टनभराच्या आतबाहेर वजनाची, त्यामुळे जिथं जड गाड्या स्वतःच्या भाराने रुततात तिथून ही तरंगत जाते. लो रेंज (चढणीसाठीचा जास्त ताकदीचा, कमी वेगाचा गिअर), त्यात पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडी आपली बैलासारखी चढते. पहिल्यांदा चढली तेव्हा सासरे खाली उतरून मागचे-पुढचे चारी टायर बघून आले. खरंच चारी फिरतात का, हे त्यांना बघायचं होतं.

फोर-व्हीलसाठी पुढच्या चाकांचे हब (चाक ॲक्सलला जोडणारी मधली कळ) हाताने लॉक करायला पावसात उतरावं लागतं, हे खरं. हब फ्री ठेवून नुसता फोर-व्हीलचा लिव्हर ओढला तर पुढची चाकं ओढत नाहीत, हे मी एकदा चिखलात दहा मिनिटं मागची चाकं गरगरवून शिकलोय. आता डांबर सोडतानाच उतरतो. यावर एवढंच.

तर ते साडेअकरा हजार. गाडी घेऊन दोन महिने झाले आणि मला वाटायला लागलं की ही बुटकी दिसते. गरज काही नव्हती, चढण स्टॉक गाडीने केली होतीच. पण व्हिडिओ बघायची सवय वाईट. पुण्यातल्या एका ॲक्सेसरीवाल्याकडं गाडी उंच करायचं ‘दोन इंच लिफ्ट किट’ मिळालं. किट म्हणजे काय, तर पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) चार लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला टांगणाऱ्या कड्या. मूळ शॅकलपेक्षा पाच सेंटीमीटर लांब, पावडर कोटिंग केलेले, दिसायला देखणे. ७,५०० रुपये, फिटिंग १,२००. बदल कागदावर चालतात का म्हणून विचारलं तर म्हणाला, “कुणी बघत नाही सर.” जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी तरी कुठं ऐकलं.

घरी आल्यावर टेप लावला. निघण्यापूर्वी मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवली होती, माझी सवय आहे ती. आधी ८१ सेंटीमीटर, आता साडेत्र्याऐंशी. म्हणजे अडीच सेंटीमीटर. एक इंच. दोन इंचांचे पैसे घेतले आणि एक इंच हातात ठेवला!

दुकानात फोन केला. “सर, पाटे बसायला वेळ लागतो. महिनाभर चालवा, मग मोजा.” पाटे बसले की गाडी खाली येते, वर जात नाही, हे सांगितल्यावर म्हणाला दुसऱ्या लाइनवर कस्टमर आहे. नंतर कागदावर चित्र काढलं तेव्हा उमगलं की यात चमत्कार काही नव्हता. पाट्याचं एक टोक चेसिसला पक्कं, दुसरं शॅकलमध्ये. तुम्ही फक्त शॅकलचं टोक पाच सेंटीमीटर खाली ढकलता; ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) पाट्याच्या मधोमध, म्हणून त्याला निम्माच फरक मिळतो. पाचाचे अडीच. हे विकणाऱ्याला माहीत असणारच. आणि त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे शॅकलने उचलली जाते बॉडी. दगडाला टेकतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरपेटीचा, गोळा, तो होता तिथंच राहतो. त्याला उचलतो फक्त मोठा टायर. मी २३५/७५ चे सेकंडहँड टायर टाकले होते, आधीच्या २०५/७० पेक्षा व्यास साडेसहा सेंटीमीटर जास्त, म्हणजे गोळा सव्वातीन सेंटीमीटर वर. खरा फायदा तेवढाच. तो टायरचा, शॅकलचा नव्हे.

इथवर नुसता पैशाचा राग होता. खरा प्रकार पुढं.

गगनबावडा रस्त्यावर कळे गावाच्या पुढं एका मोरीवर खड्डा लागला. मीटरवर ५८ असेल. आणि स्टेरिंग हातात थडथडायला लागलं. थोडंथोडकं नाही, डावं-उजवं, डावं-उजवं, जणू पुढची दोन्ही चाकं आपापसात भांडतायत. डॅशबोर्डवरचा मोबाइल खाली, हूडच्या काठ्या खडखडतायत. शेजारी सासरे. “पावणं, थांबवा की ओ!” वेग वीसच्या खाली आल्याशिवाय ते थांबलं नाही. त्यानंतर सासरे महिनाभर एसटीने आले-गेले. मला काही बोलले नाहीत, पण बायकोला बोलले असणार, कारण ती बोलली.

मग सुरू झाला फेरा. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट तीन वेळा, तीन ठिकाणी, एकूण १,०००. नवा स्टेरिंग डँपर (स्टेरिंगचे झटके जिरवणारा शॉकॲब्झॉर्बर) १,८००. डँपरने आठवडाभर बरं वाटलं. डँपर थडथड फक्त दाबून धरतो, मूळ दुखणं तसंच राहतं. आठव्या दिवशी पुन्हा तेच. किट आणि फिटिंग धरून हे झाले साडेअकरा हजार.

मधेच एक कबुली. मी चार लोकांत सांगत सुटलो होतो की गाडी साडेआठच्या वर ॲव्हरेज देत नाही. एकदा फोनवर जीपीएस लावून गाडी चालवली तर मीटर ६० दाखवत होता तेव्हा फोन ६५. टायर मोठा, एका फेरीत जास्त रस्ता कापतो, आणि मीटरला त्याची खबरच नाही. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर, माझा मीटर ५१ मोजतो. म्हणजे पेट्रोलचा हिशोब मी चुकीच्या किलोमीटरवर करत होतो. खरं ॲव्हरेज सव्वानऊच्या आसपास. जिप्सीची माफी मागतो. सव्वानऊ हेही काही मिरवण्यासारखं नाही, पण जे तिचं आहे ते तिला मिळालं पाहिजे.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं, उठले, हात पुसले. “मालक, गाडीला उंच टाचंची चप्पल घातलीसा. आता ती सरळ कशी चालंल?” मग अलाइनमेंटचा कागद मागितला. तो माझ्याकडं होताच, तिन्ही होते. त्यात कॅस्टरच्या रकान्यात लाल अक्षरात जेमतेम पाव अंश लिहिलेला. पाहिजे साडेतीन. तिन्ही ठिकाणच्या पोरांनी तो आकडा बघितला होता आणि “ह्या गाडीत ते ॲडजस्ट होत नाही” म्हणून पुढं ढकलला होता. खोटं नाही, सॉलिड ॲक्सलच्या गाडीत मशीनवर फक्त टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते) जुळवता येतं. पण निदान सांगायचं तरी!

कॅस्टर समजायला सायकल आठवा. सायकलचा पुढचा चिमटा मागं कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक आपोआप सरळ राहतं. जिप्सीत किंगपिन, म्हणजे ज्याच्यावर पुढचं चाक डावं-उजवं वळतं तो खुंट, तसाच थोडा मागं कललेला असतो. हा कल म्हणजे कॅस्टर. पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं तोंड खाली जातं, अख्खा ॲक्सल पुढं वळतो, आणि किंगपिन उभा होतो. चाकाला सरळ राहायची ओढ उरत नाही. त्यात काही ढिलं असेल तर एका खड्ड्याचं निमित्त पुरतं.

आणि ढिलं होतंच. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं की टकटक. मिस्त्रींनी टायरॉड (पुढच्या दोन चाकांना जोडणारी सळई) सोडवला, नकलचं (किंगपिनवर वळणाऱ्या चाकामागच्या भागाचं) सील काढलं आणि मासळीवाल्याकडं असतो तसला स्प्रिंगचा ताणकाटा नकलच्या हाताला अडकवून ओढला. सील काढून १ ते १.८ किलोच्या मध्ये कुठंतरी नकल हलायला पाहिजे. उजवी हलली ७०० ग्रॅमला, डावी ३०० ला. डाव्या बाजूची किंगपिन बेअरिंगं तर हातातच विरघळली म्हणावीत, आतलं ग्रीस आणि तांबडी माती मिळून विटेचा चुरा झालेला. चारही बेअरिंगं नवी, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून काटा दीड किलोवर आणला. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये घालायला शेजारच्या वर्कशॉपमधून तीन अंशांच्या लोखंडी पाचरी करून घेतल्या. बेअरिंगं १,६००, पाचरी ६००, मजुरी १,५००. एकूण ३,७००. त्याच मोरीवरून मुद्दाम साठने गेलो, त्याच खड्ड्यात घातली. नुसता दणका, थडथड नाही. परत वळवून पुन्हा घातली.

त्या दिवशी मी हा अनुभव लिहायला घेतला होता आणि निम्मा लिहूनही झाला होता. त्यात ‘लिफ्ट करा पण पाचर घाला’ असा सल्ला होता. तो पाठवला नाही ते बरं झालं, कारण ऑगस्टमध्ये शेतावरच्या चढणीला, लो रेंजमध्ये, खालून खाडकन आवाज आला. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा (पुढच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, गेला. पाचरीने किंगपिन परत कलला तसं डिफरन्शियलचं तोंडही परत खाली वळलं, आणि ॲक्सल चेसिसपासून एक इंच लांब गेलेला, त्यामुळे शाफ्ट दोन्ही टोकांना आधीपेक्षा तिरपा फिरत होता. फोर-व्हीलमध्ये टाकली की एक गुणगुण यायची, ती मी हौसेने ‘ट्रान्सफर केसचं (फोर-व्हीलच्या गिअरपेटीचं) गाणं’ म्हणायचो. मिस्त्री म्हणाले निम्मा दोष कोरड्या क्रॉसचा, ग्रीसगन कधी लावली होती? मी उत्तर दिलं नाही.

जिप्सीचा एक गुण मात्र तिथं कळला. भर पावसात गोणपाट अंथरून खाली शिरलो, आठ बोल्ट काढले, पुढचा शाफ्ट सुटा करून मागं टाकला आणि गाडी टू-व्हीलवर निमूट उतरून घरी आली. कुठला सेन्सर नाही, लाल दिवा नाही, टोइंगवाल्याला फोन नाही.

गेल्या रविवारी लांब शॅकल काढले. मूळ शॅकल परत घालायचे तर ते पुण्यातल्या दुकानदाराने ‘स्क्रॅप’ म्हणून ठेवून घेतलेले. फोन केला तर म्हणतो फिटिंग झालेला माल परत नाही आणि जुना माल आम्ही ठेवत नाही. भंगार बाजारातून चार शॅकल ८०० रुपयांना आणले, बूश नवे, पाचरी बाहेर. टायर मोठेच ठेवलेत. पूर्ण कट मारला की आत घासत होते म्हणून स्टॉपरचा (चाक किती वळावं ते अडवणारा) बोल्ट थोडा बाहेर काढला. वळायला जागा जास्त लागते, लागू दे. २०२८ च्या पासिंगला जुने टायर घालूनच जाणार आहे. १५ वर्षांपुढच्या गाडीची नूतनीकरण फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० आणि २० वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झाली, तेव्हा तिथं जाऊन वाद घालायची माझी इच्छा नाही.

खर्च केलेल्या पैशांत सगळ्यात समाधानाचा कुठला म्हणाल तर १८० रुपयांची रबरी नळी. दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर जायच्या भोकाला) नळी जोडून ती वर इंजिनाजवळ नेऊन बांधली. गरम ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते. पहिल्या पावसाळ्यात ओढा ओलांडून आल्यावर मागच्या डिफरन्शियलचं ऑइल चहासारखं दुधाळ निघालं होतं. नळीनंतर एक अख्खा पावसाळा गेला, ऑइल स्वच्छ. म्हणून वाटेतल्या मांडुकली गावाला रस्त्यावर पुराचं पाणी आलं की त्यात गाडी घालायची, असा अर्थ कुणी काढू नये. तिथं मी दोनदा परत फिरलोय.

हूड गळतो. डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून, नेमका बायकोच्या खांद्यावर. तीन वेळा शिवून झालं. तिने आता तिथं एक टॉवेल कायमचा लावलाय.

लांब शॅकल चार होते. एक सासऱ्यांनी गोठ्याच्या फाटकाला कडीसारखा बसवलाय, घट्ट बसतो म्हणतात. तीन विकायचे आहेत, प्रत्येकी ३००. पावडर कोटिंग शाबूत. उंची एक इंच मिळेल, दोन नव्हे.